होस्टेलच्या खोलीसाठी टीव्ही: ३२ की ४३? स्मार्ट की साधा?

धूमकेतू

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं एका खोलीत राहतो. वर्गणी काढून टीव्ही घ्यायचं ठरलंय, आणि ठरल्यापासून रोज रात्री वाद चालू आहेत. एकाला ४३ इंचांच्या खाली काही नकोच, कारण मॅच. दुसऱ्याकडे गेमिंग कन्सोल आहे, तो फक्त 'लॅग, लॅग' करतो. मला रात्री सिनेमे बघायचे असतात आणि पोटावर लॅपटॉप ठेवून मान दुखवून घ्यायचा कंटाळा आलाय.

खोली साधारण १० फूट बाय १२ फूट. दोन खाटा लांब भिंतीला एकामागे एक, माझी खिडकीखाली आडवी. टीव्हीसाठी जागा एकच, दाराशेजारचं टेबल, रुंदी ३३ इंच. भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही असा नियम आहे. जवळची उशी टेबलापासून साडेचार-पाच फुटांवर, लांबची ९ फुटांवर.

साइज काय घ्यावा? एवढ्या खोलीत ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र) दिसतं तरी का? आणि स्मार्ट टीव्ही घ्यावा, की साधा घेऊन त्याला इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावावी?

रिकामटेकडा

रिमोट कोणाच्या उशीखाली राहणार ते आधी ठरवा, इंच नंतर मोजा.

रुमाल टाकून ठेवतो. धागा रंगणार.

पिक्सेलराव

मापं दिलीत ते बरं केलंत. बहुतेक जण 'छोटी खोली आहे' एवढंच लिहून मोकळे होतात.

टीव्हीचे इंच म्हणजे कर्ण. टेबलावर मावतो की नाही ते रुंदीवर ठरतं. १६:९ पडद्याचा ३२ इंची टीव्ही जवळपास २८ इंच रुंद भरतो, ४० इंची ३५ इंच आणि ४३ इंची साडेसदतीस. म्हणजे तुमच्या टेबलाबाहेर ४३ इंची दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच लोंबणार. लोंबायला हरकत नाही, पण हल्ली बऱ्याच टीव्हींना मधोमध स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात. पायांमधलं अंतर ३३ इंचांहून जास्त भरलं तर तो टीव्ही टेबलावर उभाच राहणार नाही. हे अंतर मॉडेलगणिक बदलतं आणि मापांच्या तक्त्यात दिलेलं असतं. बाकी काही वाचलं नाही तरी हा आकडा वाचा.

आता अंतर. पडद्यानं नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापावा, असा सिनेमासाठीचा एक ठोकताळा आहे. त्या हिशेबानं ३२ इंची सव्वाचार फुटांवरून बघायचा आणि ४३ इंची पावणेसहा फुटांवरून. जवळच्या उशीला ३२ पुरतो. लांबच्या उशीवरून ४३ सुद्धा जेमतेम २० अंश भरतो.

४के: सामान्य चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखते. ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ९ फुटांवर झोपलेल्याला ४के आणि फुल एचडी एकच. साडेचार फुटांवरच्याला थोडा फरक दिसेल, तोही चित्र मुळात ४के असलं तरच.

कोपऱ्यातली खुर्ची

गणित बरोबर आहे हो, पण उपशीर्षकं? ९ फुटांवरून ३२ इंची पडद्यावरची सबटायटल्स वाचायची म्हणजे डोळे बारीक करून बसावं लागतं. आमच्या खोलीत लांबच्या खाटेवरची मैत्रीण सिनेमाभर "काय म्हणाला?" विचारत राहायची. शेवटी ती आमच्याच खाटेवर येऊन बसायला लागली आणि तीन जणींच्या वजनानं खाटेची पट्टी मोडली.

आणखी एक. ३२ इंचांमध्ये अजूनही पुष्कळ टीव्ही फुल एचडी नसतात. खोक्यावर 'एचडी रेडी' असतं आणि आतला पॅनेल १३६६ बाय ७६८ चा. सिनेमा त्यावर चालून जातो. लॅपटॉप जोडून त्यावर अक्षरं वाचायची असतील तर मात्र नको, कडा फुटल्यासारख्या दिसतात.

पिक्सेलराव

@कोपऱ्यातली खुर्ची, ७६८ बद्दल पूर्ण सहमत. त्या पॅनेलचे ठिपके जवळपास पावणेसहा फुटांपर्यंत जाणवतात, म्हणजे धागाकर्त्यांच्या जवळच्या उशीवरून दिसणारच. खाटेबद्दल माझं काही म्हणणं नाही.

जागरणवीर

सगळे इंच मोजत बसलेत. खरा अडथळा वेगळाच आहे.

तुमच्या होस्टेलचं वायफाय कसलं आहे? एकच पासवर्ड सगळ्यांना, की प्रत्येकाला आपापलं युजरनेम-पासवर्ड? दुसरं असेल तर स्मार्ट टीव्ही घरी आणून, पाय लावून, प्लग जोडून झाल्यावर कळतं की त्याच्या वायफायच्या पानावर युजरनेम टाकायची जागाच नाही. घरगुती वायफाय आणि संस्थेचं वायफाय यांची लॉगिनची पद्धत वेगळी असते. लॅपटॉप आणि फोन दोन्ही प्रकार सांभाळतात. बरेचसे टीव्ही, स्टिका आणि कन्सोल फक्त घरगुती प्रकार ओळखतात. आमच्या मजल्यावर निम्म्या खोल्यांतले स्मार्ट टीव्ही असे बिनबुद्धीचे होऊन पडलेत.

धूमकेतू

अरे बापरे. आमच्याकडे प्रत्येकाचं वेगळं युजरनेम आहे. शिवाय लॉगिन केल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, तिथे 'मान्य आहे' दाबावं लागतं. म्हणजे स्मार्ट टीव्हीचा विचारच सोडायचा?

बाराखडी

सोडायचा नाही, आधी चौकशी करायची. मी कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांकडे काही काळ काम केलंय, त्यामुळे पलीकडची बाजू सांगते.

बऱ्याच ठिकाणी टीव्ही-कन्सोलसाठी वेगळी सोय असते, फक्त ती कोणी विचारत नाही. उपकरणाचा मॅक पत्ता (टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' किंवा 'नेटवर्क' खाली सापडतो, बारा अक्षरा-अंकांचा) नोंदवला की ते उपकरण थेट आत घेतात. संगणक विभागाला एक मेल टाका. टीव्ही घ्यायच्या आधी टाका.

दुसरा रस्ता म्हणजे केबल. खोलीत भिंतीला नेटवर्कचं सॉकेट असेल तर बघा. तिथेही कधीकधी नोंदणी लागते, पण ते 'मान्य आहे' वालं पान टीव्हीत नीट न उघडण्याची कटकट बहुधा वाचते.

स्वतःचा राउटर आणून लावू नका. पुष्कळ होस्टेलांत मनाई असते. नियम सोडला तरी चुकीच्या जोडणीमुळे अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडू शकतं, मग सगळा मजला तुमच्या दारात.

आणि 'फोनवरून कास्ट करू', म्हणजे फोनवरचं वायफायवरून टीव्हीवर लावू, म्हणणाऱ्यांसाठी: टीव्ही वायफायवर आला तरी कास्ट चालेलच असं नाही. अशा नेटवर्कवर सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. फोन आणि टीव्ही दोघे ऑनलाइन असतात, पण फोनच्या यादीत टीव्ही येत नाही.

जागरणवीर

मी शेवटी एचडीएमआयची (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) लांब केबल घेतली. लॅपटॉप वायफायवर, टीव्ही लॅपटॉपवर. पासवर्ड नाही, नोंदणी नाही, अपडेट नाही.

मोबाइल हॉटस्पॉटच्या भरवशावर राहू नका. फुल एचडी बघताना तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो आणि ४के ला ७ पर्यंत. रात्री दोन भाग बघितले की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन ठणठणीत कोरडा.

भिंतीवरची पाल

प्रोजेक्टर घ्या! टेबल नको, पाय नकोत, मोजमाप नको. पांढरी भिंत असली की झालं. पडदा १०० इंच!

सायलेंट_मोड

आणि अंधार? तिघांतला एक जण अभ्यास करत असला तर दिवा चालू राहणार, आणि स्वस्त प्रोजेक्टरचं चित्र ट्यूबलाइटखाली धुऊन जातं. पंख्याची घरघर वेगळी. वर कोणी पाणी प्यायला उठलं की नायकाच्या तोंडावर रूममेटची सावली.

भिंतीवरची पाल

सावलीचा खेळ फुकटात मिळतो, त्याचं कौतुक नाही कोणाला.

एक_लाइफ_बाकी

कन्सोलवाल्या मित्राच्या बाजूनं बोलायला कोणीच नाही म्हणून आलो.

लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जाणारा वेळ. टीव्ही चित्र 'सुंदर' करायला प्रक्रिया करत बसतो, तिथे हा वेळ जातो. गेम मोड चालू केला की ही प्रक्रिया बहुतेक बंद होते आणि लॅग एकदम उतरतो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. गेम मोडमध्ये लॅग त्याच्या आसपास असला तर हौशी खेळाडूला काही जाणवणार नाही. तेव्हा गेम मोड आहे ना आणि तो एचडीएमआयवर चालतो ना, एवढं दुकानातच बघा.

खोक्यावरच्या 'मोशन १२०', 'क्लिअर २००' वगैरे आकड्यांना भुलू नका. पॅनेल बहुतेक वेळा ६० हर्ट्झचाच असतो, वरचा आकडा मार्केटिंगवाल्यांचा. तेच एचडीआरचं (उजळ भाग जास्त उजळ दाखवणारं चित्र). स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो खरा, पण तेवढा उजेड पाडायची ताकद त्याच्यात नसते, मग चित्र उलट काळपट दिसतं.

हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. गेमसाठी तर कराच, सिनेमासाठीही करा. नाहीतर प्रत्येक सिनेमा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो.

पिक्सेलराव

@एक_लाइफ_बाकी, +१. एक भर घालतो, कारण धागाकर्त्यांची खाट खिडकीखाली आडवी आहे. म्हणजे ते टीव्हीकडे समोरून बघणार नाहीत, कडेनं बघणार.

एलसीडी पॅनेलचे दोन मुख्य प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खोल येतो, काँट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक) ३०००:१ किंवा त्याहून वर. पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. आयपीएसचा काँट्रास्ट साधारण १०००:१, अंधाऱ्या खोलीत काळा राखाडी दिसतो, पण कडेनं बघणाऱ्यालाही रंग तेच दिसतात. एकट्यानं समोर बसून बघायचं तर मी डोळे मिटून व्हीए घेतला असता. तीन खाटा तीन दिशांना असताना आयपीएस. दुकानात समोर उभं राहून 'वा वा' करू नका. बाजूला, तुमची उशी जिथे येईल त्या कोनात जाऊन बघा. जमलं तर खाली वाकूनही बघा, कारण तुम्ही आडवे पडून बघणार.

रिकामटेकडा

दुकानात फरशीवर आडवा पडून टीव्ही बघणारा धूमकेतू डोळ्यांसमोर आला.

मध्यरात्र

मॉनिटरचा विचार कोणीच केला नाही? २७ इंची मॉनिटर, अक्षरं स्वच्छ, लॅग कमी, अभ्यासालाही उपयोगी.

कोपऱ्यातली खुर्ची

एकटीला उत्तम. तिघांना नाही. २७ इंच ९ फुटांवरून म्हणजे पोस्टकार्ड. शिवाय कित्येक मॉनिटरांना स्पीकर नसतात आणि रिमोट तर नसतोच, आवाज कमी करायला प्रत्येक वेळी कोणीतरी उठायचं. 'कोणीतरी' म्हणजे ज्याची खाट जवळ तो.

सायलेंट_मोड

मी या धाग्यातला तो चौथा माणूस आहे ज्याला टीव्ही नको असतो आणि तरी खोलीत राहावं लागतं. दोन शब्द.

आवाज हाच खरा मुद्दा आहे. बारीक टीव्हींचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात. बघणाऱ्याला संवाद कळत नाहीत म्हणून तो आवाज वाढवतो, आणि शेजारच्या खोलीला भिंतीतून धमधम ऐकू येते. तेव्हा टीव्ही घेताना हेडफोनची सोय बघा. जुनी गोल जॅक पुष्कळ नव्या मॉडेलांत नसते. ब्लूटूथ असेल तर एका वेळी किती हेडफोन जोडता येतात ते विचारा. पुष्कळांना एकच जोडता येतो, तुम्ही तिघे. आणि ब्लूटूथवर आवाज थोडा मागून येतो. सिनेमात टीव्ही किंवा ॲप ते बऱ्यापैकी जुळवून घेतं, गेममध्ये जुळवता येत नाही. कन्सोलवाल्यानं हेडफोन कंट्रोलरलाच लावावा, बऱ्याच कंट्रोलरना ती जागा असते.

प्रकाशाचंही तेच. रात्री ब्राइटनेस नाही, बॅकलाइट कमी करा. बऱ्याच टीव्हींत या दोन वेगळ्या सेटिंग्ज असतात. ब्राइटनेस कमी केली की गडद भागातला तपशील बुडतो, बॅकलाइट कमी केला की दिवाच मंद होतो. आणि 'ठराविक वेळेनंतर फक्त हेडफोन' हा नियम टीव्ही यायच्या आधी करा. आल्यावर कोणी करत नाही.

धूमकेतू

@सायलेंट_मोड, आमच्यात असं कोणी नाही असं लिहिणार होतो. मग आठवलं की मॅचवाल्याची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि त्या दिवसांत तोच सगळ्यांना ओरडेल.

हिशेबनीस

वर्गणी काढू नका. माझं मत स्पष्ट आहे: एकानं घ्यायचा, त्याच्याच नावावर, त्याच्याच मालकीचा. बाकीच्यांनी हवं तर हेडफोन, केबल, एक्स्टेंशन आणावं. तिघांच्या मालकीचा टीव्ही वर्षअखेरीला तीन तुकड्यांत कापता येत नाही. कोण खोली बदलतो, कोण मध्येच शिक्षण सोडतो, कोण म्हणतो 'माझा हिस्सा पूर्ण किमतीनं द्या'. मैत्री टिकवायची असेल तर मालक एक.

कोपऱ्यातली खुर्ची

नाही पटलं. मालक एक असला की तो मालकासारखा वागतो. "माझा टीव्ही आहे" हे वाक्य मॅच आणि मालिका एकाच वेळी असल्या की हमखास ऐकू येतं. आम्ही वर्गणी काढली, पण आधीच लिहून ठेवलं: जो शेवटी घेऊन जाईल त्यानं बाकीच्यांना त्या वेळच्या जुन्या बाजारातल्या किमतीचा हिस्सा द्यायचा. दोघींना हवा असेल तर चिठ्ठी टाकायची. मध्येच सोडून जाणारीला काही मिळणार नाही. एक पान, तिघींच्या सह्या. भांडण झालं नाही.

हिशेबनीस

सह्या घेतल्यात म्हणूनच भांडण झालं नाही. माझ्या खोलीत सगळं 'आपल्यात काय' वर चाललं होतं.

बाराखडी

खात्यांबद्दल कोणी बोललं नाही. सामायिक टीव्हीवर स्वतःचं खातं उघडं ठेवलंत की तुम्ही काय बघता ते सगळ्या खोलीला समजतं, आणि पुढे टीव्ही विकलात तर घेणाऱ्यालाही. विकताना फक्त लॉगआउट पुरत नाही, फॅक्टरी रीसेट करा. कार्ड जोडलेल्या खात्यावर खरेदीसाठी पिन लावा.

सुरुवातीच्या सेटअपमध्ये 'बघण्याची माहिती गोळा करू का' असं काहीतरी विचारतात, तिथे नाही म्हणा. पडद्यावर काय चाललंय ते टीव्ही ओळखून कंपनीकडे पाठवू शकतो. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीला संमतीशिवाय ही माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २२ लाख डॉलर भरावे लागले होते. लॅपटॉप जोडलात तरी पडदा तोच असतो, हे लक्षात घ्या.

भिंतीवरची पाल

आणि लॅपटॉप जोडताना 'डुप्लिकेट' नको, 'एक्स्टेंड' ठेवा. नाहीतर आईचा मेसेज सिनेमाच्या मधोमध, अख्ख्या खोलीसमोर. "अंघोळ केलीस का?"

रिकामटेकडा

हे उदाहरण फार सहज सुचलं तुला.

मध्यरात्र

जुना टीव्ही घेणार असाल तर चालू करून निदान अर्धा तास बघा. पूर्ण पांढरं चित्र लावा: कडेला काळपट डाग किंवा उभ्या रेषा दिसल्या तर सोडा. मग पूर्ण काळं लावून कोपऱ्यांतून उजेड फुटतो का बघा. सगळ्या एचडीएमआय जागांत केबल घालून बघा, होस्टेलच्या टीव्हीला रोज काढघाल सोसावी लागते, त्यामुळे एक तरी ढिली निघते. जुना ओएलईडी (ज्याचे ठिपके स्वतःच उजळतात असा पॅनेल) स्वस्तात मिळाला तर वाहिनीचं बोधचिन्ह किंवा गेममधला नकाशा कोपऱ्यात कायमचा उमटलाय का तपासा. तो डाग जात नाही.

जागरणवीर

आणि स्मार्ट की साधा हा मूळ प्रश्न राहिलाच. बिनस्मार्ट टीव्ही आता शोधावाच लागतो. माझं म्हणणं, स्मार्ट मिळाला तर घ्या, पण त्याच्या हुशारीसाठी जास्त पैसे देऊ नका. पॅनेल वर्षानुवर्षं चालतो, आतलं सॉफ्टवेअर त्याच्या आधी रखडायला लागतं, मग तशीही स्टिक किंवा लॅपटॉपच लागतो. एचडीएमआयच्या निदान तीन जागा असू द्या: कन्सोल, लॅपटॉप, आणि एक पाहुण्यांसाठी.

धूमकेतू

मंडळी, धन्यवाद. काल दुकानात जाऊन आलो. (हो, खाली वाकून बघितलं. विक्रेता काही बोलला नाही, फक्त सोबत्याला हाक मारून घेऊन आला.)

४३ चे बघितले त्यातल्या दोघांचे पाय टोकांना होते, टेबलावर बसत नाहीत. तिसऱ्याला मधोमध स्टँड होता, पण पॅनेल असा की कडेनं बघितलं की चेहरे पांढुरके. शेवटी ४० इंची फुल एचडी पसंत पडला. ३५ इंच रुंद, पाय बरेच आत, कडेनं रंग ठीक, गेम मोड आहे, एचडीएमआय तीन. मॅचवाला तीन इंचांसाठी हळहळतोय. नेटवर्कवाल्यांना मेल केला, 'टीव्ही नोंदवता येतो, फॉर्म भरा' असं उत्तर आलं. सह्यांचं पान कन्सोलवाल्यानं लिहिलं, आणि त्यात 'गेम सेव्ह होईपर्यंत टीव्ही बंद करायचा नाही' हे कलम गुपचूप घातलं, ते पकडलं.

एकच राहिलं. ४० इंची टीव्ही त्या टेबलावर पुढे ओढला जाऊन पडायची भीती वाटते, दार तिथेच उघडतं. भिंतीत खिळा चालत नाही, मग बांधायचा कशाला?

कोपऱ्यातली खुर्ची

टेबलालाच. टीव्हीच्या मागे भिंतीवर टांगायच्या स्टँडसाठी स्क्रूची भोकं असतात, त्यांत बसणारे पट्टे मिळतात. त्यांचं दुसरं टोक टेबलाच्या मागच्या पायांना आवळून बांधा. स्क्रूचा आकार मात्र टीव्हीच्या पुस्तिकेत बघून घ्या, लांब स्क्रू घातला तर आत लागतो. आणि टेबल हलकं असेल तर खालच्या कप्प्यात जाड पुस्तकं भरा.

पिक्सेलराव

केबली दाराच्या बाजूनं सोडू नका, मागून वळवून घ्या. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला की टीव्ही पडतो. आणि खोकं थर्माकोलसकट खाटेखाली ठेवा, सुट्टीत खोली रिकामी करायची असेल तेव्हा लागेल. नेताना टीव्ही उभाच न्या, आडवा टाकून त्यावर गाद्या ठेवू नका.

रिकामटेकडा

खाटेखाली जागा आहे का पण? तीन खाटा, तिघांच्या बॅगा, आणि आता जाड पुस्तकं कप्प्यात गेल्यावर अभ्यास कशावर करणार?

हिशेबनीस

खोकं कोणाच्या खाटेखाली, तेही त्या पानावर लिहा.